मोरपंखी मेलेली नाही! (सूचिपर्णी झाडे बारा महिने हिरवी कशी राहतात?)

(इयत्ता सातवीच्या मुलामुलींनी मिळून लिहिले)



आपल्या शाळेच्या फाटकाशी, पाण्याच्या टाकीजवळ मोरपंखीचे एक झाड आहे. आत येताना तुम्ही ते पाहिलेच असेल. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी आमच्या वर्गातल्या एका मुलीने त्याच्या फांद्या बाजूला सारून आत डोकावले आणि ती ओरडलीच, "अगं बाई, हे तर आतून वाळलंय!" खरेच, आतल्या बाजूच्या डहाळ्या तपकिरी झाल्या होत्या. हात लावला की भुरभुर गळत होत्या. बुंध्याशी त्यांचा थर साचला होता. दोन दिवसांत साऱ्या शाळेत झाले, की मोरपंखी मेली. शनिवारच्या श्रमदानात ती उपटायची आणि तिथे जास्वंद लावायची, असेही ठरत आले. कुदळसुद्धा आणून ठेवली होती.

हे झाड आम्ही तिसरीत असताना लावले होते. मे महिन्याच्या सुट्टीत पाळी लावून कळशीने पाणी घातले होते. त्यामुळे आम्हांला फार वाईट वाटले. आम्ही गुरुजींकडे गेलो. गुरुजी म्हणाले, "झाड उपटायला पाच मिनिटं लागतात. वाढवायला चार वर्षं लागली. आधी ते मेलंय का, एवढं तर बघा!"

त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही बाहेरच्या एका फांदीची साल नखाने थोडीशी खरवडली. आत ओले आणि हिरवे निघाले. फांद्यांची टोकेही कोवळी, पोपटी होती. म्हणजे झाड जिवंत होते! मग आतली पाने का वाळली? मोरपंखी तर बारा महिने हिरवी असते ना? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पार हिमालयात आणि सैबेरियात जाऊन आलो. पुस्तकांतून बरं का! तेथे काय पाहिले, ते या लेखात सांगतो.

मोरपंखी कोणाच्या घरची?

मोरपंखी मूळची चीनकडची. ती सूचिपर्णी झाडांच्या घराण्यातली आहे. सूची म्हणजे सुई आणि पर्ण म्हणजे पान. तुम्ही म्हणाल, मोरपंखीला सुया कुठे आहेत? आम्हीही हेच विचारले. तेव्हा गुरुजींनी हातात भिंग दिले. भिंगातून पाहिले तर डहाळीवर माशाच्या खवल्यांसारखी बारीक पाने एकावर एक चिकटून बसलेली दिसली. या घराण्यात पुष्कळांची पाने सुईसारखी, तर काहींची अशी खवल्यांसारखी असतात.

या झाडांना जास्वंदीसारखी फुले येत नाहीत आणि पेरूसारखी फळेही धरत नाहीत. त्यांचे बी शंकूच्या खवल्यांमध्ये उघडेच असते. मोरपंखीवर बोराएवढे निळसर हिरवे, आकडेदार टोकांचे जे 'फळ' दिसते, तो तिचा शंकू. पिकला की तो लाकडासारखा होऊन उकलतो आणि बी बाहेर पडते.

आपल्यातले कितीतरी जण मोरपंखीची डहाळी पुस्तकात ठेवतात. म्हणे त्याने विद्या येते. विद्या पुस्तक वाचल्यानेच येते! पण डहाळी ठेवलीच असेल, तर ती भिंगाखाली धरून पाहा. खवले छान मोजता येतात.

आता कोणी म्हणेल, कोकणात समुद्रकाठी सुरूची बने आहेत, तीही सूचिपर्णीच ना? दिसतात तशी, पण नाहीत. सुरूची जी 'सुई' आपण पाहतो, ते पान नसून बारीक हिरवी काडी असते. तिच्या पेरापेरावर दातांसारखी अगदी चिमुकली पाने असतात, ती सुरूची खरी पाने. शिवाय सुरूला बारीक फुलेही येतात. म्हणून तो या घराण्यातला नव्हे. नुसत्या दिसण्यावरून ठरवू नये, ते असे.

हिमालयातले सगेसोयरे

आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीत रानात आपोआप वाढणारे सूचिपर्णी झाड नाही. या घराण्याचा मोठा गोतावळा पाहायचा तर हिमालयात जावे लागते.

आपले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची 1646 मीटर. हिमालयात एवढ्या उंचीवर चिडाची दाट जंगले असतात. चिडाच्या सुया वीतभर लांब असतात आणि तीन-तीनच्या जुडीने येतात. आणखी वर गेले की कैल लागतो. त्याच्या जुडीत पाच सुया. देवदार साधारण 1500 ते 3200 मीटर उंचीवर वाढतो. त्याच्या सुया आखूड, बोटाच्या एक-दोन पेरांएवढ्या असतात आणि गुच्छागुच्छाने येतात. देवदार हा हिमाचल प्रदेशाचा राज्यवृक्ष आहे. त्याहीवर स्प्रूस आणि फर ही झाडे उभी असतात. तिथे हिवाळ्यात कित्येक आठवडे बर्फ पडून राहते.

ही झाडे आपल्यापासून लांब आहेत, पण अगदीच परकी नाहीत. चिडाच्या खोडाला चीर पाडली की चिकट चीक येतो. त्यापासून राळ आणि रंगात घालायचे टर्पेंटाइन तयार करतात. आणि घरी आजीला विचारा, बाळंतिणीच्या काढ्यात काय काय घालतात? त्यात देवदाराचे नाव नक्की येईल.

सदाहरित म्हणजे पान न गळणारे?

आमची सगळ्यांची समजूत होती, की सदाहरित झाडाचे पान गळतच नाही. ती समजूत आपल्या अंगणातल्या आंब्याने खोटी ठरवली. गुरुजींनी विचारले, "आंब्याखाली रोज कोण झाडतं?"

आम्ही म्हणालो, "आम्हीच."

"पाला निघतो का?"

"रोज टोपलीभर!"

"मग आंबा बोडका झालेला कधी पाहिला का?"

आम्ही गप्प. चार वर्षे पाला भरला, पण हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता!

सागाची गोष्ट वेगळी. साग उन्हाळ्यात सगळी पाने टाकून बोडका उभा राहतो. त्याला आपण पानझडी म्हणतो. आंबाही पाने टाकतो, पण थोडी थोडी. जुनी गळतात, तोवर नवी आलेली असतात. म्हणून तो सदाहरित. सदाहरित म्हणजे पान न गळणारे झाड नव्हे, तर सगळी पाने एकदम न गाळणारे झाड.

हे नीट समजण्यासाठी आपली शाळाच डोळ्यांपुढे आणा. दरवर्षी सातवीची मुले शाळा सोडून जातात. दरवर्षी पहिलीत नवी मुले येतात. शाळा मात्र कधी रिकामी होत नाही. सूचिपर्णी झाडाचेही तसेच. यंदा फुटलेल्या सुया फांदीच्या टोकाला असतात, ती पहिली इयत्ता. त्यांच्या मागे गेल्या वर्षीच्या सुया, ती दुसरी. असे करत करत सर्वांत जुन्या सुया आत, खोडाच्या बाजूला राहतात. त्यांचे दिवस भरले की त्या तपकिरी होऊन गळतात.

प्रत्येक झाडाची शाळा सारखी मोठी नसते. चिडाच्या सुया दीड-दोन वर्षे टिकतात. फर, स्प्रूस यांच्या सुया त्याहून पुष्कळ जास्त वर्षे राहतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या उंच डोंगरांवर ब्रिसलकोन नावाचे पाइन आहेत. त्यांतले एक झाड 4800 वर्षांहून अधिक वयाचे आहे. या जातीची एकेक सुई तीस-चाळीस वर्षे झाडावर राहू शकते. म्हणजे ती सुई आपल्या आईवडिलांच्या वयाची!

सूचिपर्णी झाडे पाने गाळतात, याचा मोठा पुरावा उत्तराखंडात दिसतो. तिथे चिडाच्या गळलेल्या सुयांना पिरूल म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी चीड इतके पिरूल गाळतो, की जमीन झाकून जाते आणि उतारावर पाय घसरतो. लोक ते गोठ्यात जनावरांखाली पसरतात. पण पिरुलात राळ असते, त्यामुळे ते चटकन पेट घेते. 2016 सालच्या उन्हाळ्यात उत्तराखंडातल्या जंगलांना मोठ्या आगी लागल्या, तेव्हा जमिनीवरच्या या वाळलेल्या सुयांमुळे त्या पसरायला मदत झाली. वर हिरवेगार झाड आणि खाली पेटणारा पाला, दोन्ही एकाच झाडाचे.

आपली विहीर आटते, त्यांची गोठते

आता प्रश्न असा, की साग पाने टाकतो तरी का? पानाच्या पाठीवर बारीक भोके असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून झाड हवा आत घेते. पण दार उघडले की आतले पाणीही वाफ होऊन बाहेर जाते. याला पुस्तकात बाष्पोच्छ्वास म्हणतात. सागाचे पान परातीएवढे. उन्हाळ्यात जमिनीत ओल नाही आणि वर एवढ्या मोठ्या पानांतून पाणी उडते आहे. असे चालले तर झाड मरेल. म्हणून साग पाने टाकून देतो आणि पाऊस येईपर्यंत स्वस्थ राहतो.

हिमालयात उंचावर अशी टंचाई हिवाळ्यात येते. भोवती बर्फच बर्फ, पण मुळांना ते पिता येत नाही. जमीन गोठली की पाणी असून नसल्यासारखे. आपल्याकडे उन्हाळ्यात विहीर आटते, तिकडे हिवाळ्यात विहीर गोठते, असे समजा. अशा वेळी रुंद पान झाडाला परवडत नाही. म्हणूनच थंड मुलखातली रुंद पानांची अक्रोडासारखी झाडे हिवाळ्याआधी पाने टाकतात. मग सूचिपर्णी झाडे पाने अंगावर ठेवून कशी जगतात?

सुईची करामत

1. आकार. सुई बारीक आणि भरीव असते. रुंद पानाच्या मानाने तिचे फार थोडे अंग वाऱ्याला आणि उन्हाला लागते. त्यामुळे पाणी कमी उडते.

2. मेणाचा लेप. सुईची साल जाड असते आणि तिच्यावर मेणासारखा थर असतो. सालीतून पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही.

3. खोल पर्णरंध्रे. सुईची पर्णरंध्रे खळग्यात दडलेली असतात. वारा थेट त्यांच्या तोंडावर येत नाही. पाण्याची टंचाई आली की ती घट्ट मिटतात.

4. बारीक नळ्या. शेतातल्या पंपाच्या पाइपात हवा धरली की पाणी चढत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. झाडाच्या खोडातले पाणी गोठून पुन्हा वितळते तेव्हा त्यातही हवेचे बुडबुडे होतात. नळी मोठी असेल तर बुडबुडा अडकून बसतो. सूचिपर्णी झाडांच्या नळ्या फारच बारीक, म्हणून बुडबुडेही लहान. ते पाण्यात पुन्हा विरघळून जातात आणि पाणी चढू लागते.

5. थंडीची तयारी. दिवस लहान होऊ लागले की सुईच्या पेशींत साखर वाढते. कडक थंडीत पेशींमधले काही पाणी बाहेरच्या मोकळ्या जागेत येऊन तिथे गोठते. पेशीच्या आत बर्फ होत नाही, म्हणून पेशी फुटत नाही. ही तयारी हळूहळू होते. जी सुई हिवाळ्यात कडाक्याची थंडी सोसते, तिच्यावर भर उन्हाळ्यात तेवढी थंडी अचानक पडली तर ती मरेल.

6. राळ. पुष्कळ वर्षे टिकायचे तर किडीपासूनही राखण हवी. राळेचा उग्र वास आणि चिकटपणा पुष्कळशा किडींना आणि बुरशीला दूर ठेवतो.

इरले आणि घोंगडी

पाने टिकवता येतात, हे समजले. पण एवढा खटाटोप कशासाठी? साऱ्या थंडीत झाड तर जवळजवळ झोपलेलेच असते.

याचे उत्तर आम्हांला आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी बोलता बोलता दिले. ते म्हणाले, "आम्ही लहानपणी पावसाला इरलं घ्यायचो. कामट्या आणि पळसाची पानं. खर्च काही नाही, पण दरसाल नवं करायचं. घोंगडीला मात्र पैसा पडायचा. लोकर, विणाई सगळंच आलं. पण एकदा घेतली की वर्षानुवर्षं बघायला नको."

सागाचे पान हे इरले आहे. पातळ, मोठे, लवकर तयार होणारे आणि एका हंगामापुरते. सूचिपर्णी झाडाची सुई म्हणजे घोंगडी. मेण, राळ, जाड साल यांमुळे ती करायला झाडाला जास्त खर्च येतो. तो एका हंगामात भरून निघत नाही. म्हणून ती अनेक वर्षे वापरावी लागते.

उंच डोंगरावर आणि उत्तरेकडच्या थंड देशांत उन्हाळा थोड्या दिवसांचा असतो. जमीनही बहुधा हलकी. दरसाल सगळी पाने नवी करायची तर तेवढे खत आणायचे कुठून? शिवाय पाने फुटून मोठी होईपर्यंतच निम्मा उन्हाळा जायचा. सूचिपर्णी झाडाची पाने आधीच तयार असतात. बर्फ वितळून ऊन आले, की त्याच दिवसांत ती अन्न तयार करू लागतात. पहिल्या पावसाआधी ज्याचे औत तयार, त्याची पेरणी वेळेवर होते, तसेच हे.

पाने टाकणारा भाऊ

मात्र सगळीच सूचिपर्णी झाडे बारा महिने हिरवी नसतात. लार्च नावाचे एक झाड आहे. त्याच्या सुया मऊ आणि पातळ असतात. थंडीच्या सुरुवातीला त्या सोन्यासारख्या पिवळ्या होतात आणि सगळ्या गळून जातात. आपल्या देशात सिक्कीमच्या उंच भागात लार्च आहे.

गंमत अशी, की पूर्व सैबेरियात जिथे थंडी उणे 60 अंशांच्याही खाली जाते, तिथल्या जंगलांत या लार्चचेच राज्य आहे. इतक्या थंडीत पाने सांभाळण्यापेक्षा स्वस्तातली पाने करून दरसाल टाकणे त्याला परवडते. टाकण्यापूर्वी तो पानांतले बरेचसे सत्त्व परत खोडात ओढून घेतो. म्हणजे घोंगडीवाल्यांच्या घरात हा एक इरलेवाला निघाला! पाने ठेवायची की टाकायची, हा नियम नसून ज्या त्या झाडाचा हिशेब आहे.

करून पाहा

एकसारखे दोन रुमाल ओले करून पिळा. एक दोरीवर पसरून टाका, दुसऱ्याची घट्ट गुंडाळी करून शेजारीच ठेवा. कोणता आधी वाळतो? पसरलेला रुमाल म्हणजे सागाचे पान आणि गुंडाळी म्हणजे सुई.

आंब्याला नवी तांबूस पालवी फुटली की तिच्या देठाला सैल रंगीत दोरा बांधा आणि वहीत तारीख लिहा. ते पान किती महिने टिकते, ते तुमचे तुम्हीच शोधा.

मोरपंखीचे काय झाले?

शनिवारी श्रमदान झाले, पण कुदळ जास्वंदीसाठी दुसरीकडे चालवली. मोरपंखीची आतली वाळलेली पाने हाताने झाडून काढली आणि आळे साफ केले. आतल्या तपकिरी फांद्या छाटल्या नाहीत, पण बाहेरची हिरवाईही फार आत कापायची नाही, असे ठरले. कारण मोरपंखीच्या जुन्या, पाने नसलेल्या लाकडावर सहसा पुन्हा फूट येत नाही.

तुमच्याही अंगणात मोरपंखी असेल तर एवढे लक्षात ठेवा. आतली जुनी पाने वाळली तर घाबरू नका, ती सातवी पास झाली! पण बाहेरची कोवळी टोके वाळू लागली तर मात्र लक्ष द्या. मुळाशी पाणी साचले आहे का, की माती अगदी कोरडी पडली आहे, ते आधी पाहा.

आम्ही सातवीची मुले येत्या उन्हाळ्यात ही शाळा सोडून जाऊ. आमच्या मागे सहावीची मुले आहेत, आणि पुढच्या जूनमध्ये पहिलीत नवी येतील. तेव्हा लहान भावंडांनो, मे महिन्याच्या सुट्टीत मोरपंखीला कळशीभर पाणी घालण्याची पाळी आता तुमची. विसरू नका हं!

सांगा पाहू

1. आंबा रोज पाने गाळतो, तरी तो सदाहरित का?
2. भोवती बर्फ असूनही देवदाराला पाण्याची टंचाई का भासते?
3. सुरू सूचिपर्णी का नाही?
4. तुमच्या घराजवळची इरलेवाली झाडे कोणती आणि घोंगडीवाली कोणती? यादी करून आणा. चांगली यादी पुढच्या महिन्यात याच भिंतीवर लावू.